सदतीस नंबरपासून पुढे

सकाळी साडेनऊला फोन वाजला. लालबागच्या आमच्या चाळीतल्या, खालच्या मजल्यावरच्या काकी.

"ह्यां काय केलंस गो? आमच्या ह्यांच्या फोटोखाली शेजाऱ्याचां नाव?"

चाळ पाडायला निघाली होती. त्याआधी एकशेसाठ खोल्यांच्या दारात एकेका कुटुंबाला उभं करून मी फोटो काढले होते. ते आज संध्याकाळी वाटायचे होते. काकींचे यजमान फोटोनंतर आठच दिवसांनी गेले.

खोली नंबर आणि नाव मी यादीवरून ओळीने प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येच भरलं होतं. दादरचा छपाईवाला तिथूनच उचलून फोटोखाली छापणार होता. नमुना आदल्या दिवशी चाळीच्या ग्रुपवर टाकला होता. यादी उघडली. सदतीस नंबरला त्या दिवशी कुलूप होतं. फोटो नव्हता, नाव मात्र यादीत होतं. तिथून पुढे प्रत्येक कुटुंबाला शेजाऱ्याचं नाव लागलं होतं.

छपाईवाल्याला फोन केला. "एकला मशीन सुरू करतो, ताई. नंतर आज जमणार नाही."

मोठ्या छपाईसाठी काढलेल्या त्या फाइली अवजड होत्या. नाव बदलून सेव्ह केलं की अख्खी फाइल नव्याने लिहिली जायची. एकीला तीन मिनिटं. अशा सव्वाशे. म्हणजे सहा तास! तीन फाइलींतच लॅपटॉप तापला.

गिरगावच्या एका ग्रंथालयात जुनी कागदपत्रं स्कॅन करणाऱ्या मैत्रिणीला सगळं सांगितलं.

"चित्राला हात कशाला लावतेस? फाइलमध्ये माहितीसाठी थोडी जागा राखलेली असते, तेवढीच बदल. त्याचं साधन पाठवते. पण ते मूळ फाइलवरच लिहितं. मध्येच काही बिघडलं तर फोटो गेला. आधी कॉपी काढ."

कॉपीलाच चाळीस मिनिटं लागणार होती. साडेदहा वाजले होते.

"कॉपी न काढता करू?"

"त्या काकींच्या फोटोवर करशील?"

मी फाइली कॉपीला लावल्या. तोवर यादी दुरुस्त केली, दोनदा वाचली. मग नवं साधन चालवलं. दीड मिनिटात सगळ्या फाइली झाल्या. इतक्या पटकन झालेल्या कामावर माझा विश्वास बसेना. लॅपटॉप उचलून काकींकडे गेले. मी फोटो दाखवायचे, त्यांनी नाव सांगायचं, मी जुळवायचं.

बेचाळीस नंबर काकींचाच. त्यांनी नुसती मान हलवली. मी पुढचा फोटो लावला.

शंभराच्या पुढे एका फोटोवर त्या थांबल्या. "ही ती नव्हे."

मी यादीतलं नाव पुन्हा वाचलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"नाय, नाय. तीच ती. बारीक झाली."

साडेबाराला हार्डडिस्क पर्समध्ये टाकून टॅक्सी पकडली. परळला सिग्नलवर गाडी हलेना, तेव्हा उतरून चालावं का, असं दोनदा मनात आलं. पोचले तेव्हा एकला पाच कमी होते.

पहिला कागद बाहेर आला. मी चेहरा पाहिला, नाव वाचलं. मग दुसरा. मग तिसरा.

"बसा आता, ताई," छपाईवाला म्हणाला. मी बसले नाही.

संध्याकाळी वाटलेल्यांपैकी एकही फोटो परत आला नाही.