सगळ्यांना पुरेल अशी एक रायफल

सुश्रुतच्या पायाला भिंगरी आहे हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं, तर मी निदान घर तरी मोठं बघितलं असतं. इंग्लंडात मिल्टन कीन्समधल्या आमच्या घरात किचन ते हॉल एवढीच काय ती जागा, आणि तिथलं कार्पेट त्याच्या येरझाऱ्यांनी पार झिजलंय. जेवताना त्याचा गुडघा हलतो, टीव्ही बघताना हलतो, झोपेतसुद्धा हलतो. मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. दिवसभर निपचित पडलेली माणसं बघून घरी यावं, तर समोर हा.

रविवारी तो एकटाच चालत सुटायचा. असाच एकदा ओल्नी गावाच्या पुढे पायवाट चुकून डेरेक नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात शिरला. डेरेकने त्याला हाकललं नाही. आलाच आहेस तर बस, म्हणाला, आणि त्याला आपल्याबरोबर मचाणावर चढवलं. त्या दिवशी नवरा घरी आला तो वेगळाच. बसला, चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि तसाच बसून राहिला. मला वाटलं, बरं नाहीये की काय.

पुढची दोन वर्षं तो दर रविवारी पहाटे डेरेककडे जायचा. डेरेक हरणं मारायचा, हा शेजारी बसायचा. डेरेकने रानात ओकची नवी रोपं लावलेली आणि हरणं त्यांचे शेंडे टिकू देत नसत. आपल्याकडच्या भेकरासारखं दिसणारं मंटजॅक आणि त्याच्या चौपट मोठं ठिपक्यांचं फॅलो, दोन्ही तिथे होती. मग डेरेकच्या कंबरेचं ऑपरेशन झालं आणि मचाणाची शिडी बंद झाली. त्याने सुश्रुतला सांगितलं, आता हे काम तू घे, पोलिसांकडून सर्टिफिकेट काढ, एक रायफल घे. ख्रिसमसपर्यंत जमलं नाही तर रान एका शिकारी क्लबला द्यावं लागेल, आणि मग क्लबाबाहेरच्या माणसाला तिथे पाऊल टाकता येणार नाही.

म्हणजे सगळं या एका रायफलीवर आलं. माझीही अट होती, घरात एकच येईल. जिन्याखाली एकाच लोखंडी कपाटाची जागा आहे आणि तिथून माझा हूव्हर, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, मी कसाबसा हलवला होता.

सर्टिफिकेटच्या अर्जात कुठल्या काडतुसाची रायफल हवी ते आधीच लिहावं लागतं. तिथेच घोडं अडलं. टू-फोर्टी-थ्री हलकी, दणका कमी, मंटजॅकला उत्तम. पण वारा असला आणि समोर मोठा फॅलो असला तर? थ्री-ओ-एट दोघांनाही पुरेल, पण एवढ्याशा मंटजॅकला एवढी मोठी गोळी म्हणजे मांसाची नासाडी नाही का? सिक्स-पॉइंट-फाइव्ह मधली, म्हणून ती घ्यावी, तर त्याच्या मते मधली वस्तू म्हणजे दोन्हीकडून अर्धवट. काडतूस ठरतंय असं वाटलं की गोळी निघायची. शिसं चांगलं पसरतं, पण मांस घेणारे आता शिसं नको म्हणतात. तांब्याची घ्यावी तर तिला वेग हवा. वेग हवा तर नळी लांब हवी. नळी लांब झाली तर मचाणाच्या फळीत अडकेल.

हे सगळं मी आमटीला फोडणी देताना ऐकलं, गाडीत ऐकलं, दात घासताना ऐकलं. आमची साधी किटली घ्यायला या माणसाने उन्हाळा घालवला होता, त्यामुळे सुरुवातीला मी हसण्यावारी नेलं. नोव्हेंबर उजाडला तसं माझं डोकं फिरायला लागलं. अर्ज टेबलावर कोराच. गुडघा तर इतका हलायचा की ताटातली वाटी वाजायची. ज्या एका जागी हा माणूस शांत होतो ती जागा हातची जाणार हे मला दिसत होतं, आणि हा वाऱ्याचा वेग मोजत बसला होता.

डिसेंबरात डेरेकने आम्हा दोघांना चहाला बोलावलं आणि सरळ विचारलं, कुठली ठरली? सुश्रुत म्हणाला, इट डिपेंड्स. मला राहवलं नाही. थ्री-ओ-एट, मी म्हटलं, दीडशे ग्रेन वजनाची तांब्याची गोळी, लहान नळी, सेकंडहॅण्ड चालेल. डेरेकने टेबलावर थाप मारली. मग लिहा की तसं, म्हणाला.

परत येताना सुश्रुत गाडी चालवत होता. आमच्या गावाच्या पहिल्याच राउंडअबाउटला तो वळायचं विसरला आणि गोल फिरला. मग परत फिरला. मी म्हटलं, अरे, एक्झिट घे. त्याने पलीकडे रस्त्याकडेच्या ले-बायमध्ये, गाड्या थांबायच्या जागेत, गाडी थांबवली.

"थ्री-ओ-एटच बरोबर आहे," तो म्हणाला. "मला मार्चमध्येच कळलं होतं."

"मग लिहिलं का नाहीस?"

"लिहिलं की ती घरी येणार. घरी आली की मारावं लागणार. वैभवी, मला तिथे फक्त बसायचंय गं. माझ्याच्याने नाही होणार ते."

मला आधी राग आला. नऊ महिने डोकं खाल्लंस आणि हे एक वाक्य बोलता येत नव्हतं? मग त्याच्याकडे बघितलं आणि राग ओसरला. रान हवं तर हरणं मारणं आलं. डेरेकला शांत बसणारा माणूस नको होता, त्याला रोपं वाचवायची होती.

त्या आठवड्यात अर्ज भरला, माझ्या नावाने. डेरेकला सगळं खरं सांगितलं आणि त्याने मुदत वाढवून दिली. कोर्स केला, निशाणबाजी शिकले, खांदा काळानिळा करून घेतला. पोलीस ऑफिसर घरी आली तेव्हा तिने कपाट बघितलं आणि किल्ली कुठे असते हे नवऱ्यालासुद्धा कळता कामा नये, असं बजावलं. तो कोपऱ्यात उभा राहून मान डोलवत होता.

रायफल घरी आली आणि गेल्या रविवारी आम्ही पहिल्यांदा दोघं मचाणावर चढलो. गारठा मरणाचा होता. तो माझ्या शेजारी दुर्बीण घेऊन बसला आणि तासभर त्याचं बोटसुद्धा हललं नाही. मीच चुळबुळत होते. उजाडता उजाडता ब्रॅम्बलच्या काटेरी जाळीतून दोन मंटजॅक माद्या बाहेर आल्या. एक बारीक, चपळ. दुसरी पोटाने जड, थांबून थांबून चालणारी. मी बारकीवर रोख धरला. जडावलेलीवर मला धरवेना.

त्याने माझ्या कोपराला हात लावला.

"ती नको," तो कुजबुजला. "तिची कास भरलेली दिसतेय. आत कुठेतरी पिल्लू असणार, ते उपाशी मरेल. दुसरी घे, गाभण आहे ती. ही वर्षभर वितात; इतकी जड झाली म्हणजे तिचं आधीचं पिल्लू सुटं झालेलं असतं. मागे उपाशी कुणी राहत नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. रडत होता, पण दुर्बीण डोळ्यांवरून काढली नव्हती. मी रोख बदलला आणि चाप ओढला. ती जागच्या जागी पडली.

आम्ही घरी आलो. दारात मी बूट काढताना त्याला म्हटलं, "पुढच्या वेळी नाही आलास तरी चालेल. मी एकटी करीन."

तो माझे बूट उचलून चिखल झटकत होता.

"येणार मी," तो म्हणाला. "कुणाला मारायचं ते तू एकटीने का ठरवायचं?"