फक्त माझं ऐकणारी गवताची मशीन

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत ज्या कारखान्यात मी इलेक्ट्रिशियन आहे, तिथे फाटकापासून ऑफिसपर्यंत मोठी हिरवळ आहे. ती कापायला साहेबांनी बसून चालवायची मशीन आणली, छोट्या ट्रॅक्टरसारखी दिसणारी. चालवायचे आमचे माळीकाका. मुकुटबनकडचे, अंगाने इतके बारीक की कंबरपट्ट्याला त्यांनी खिळ्याने तीन जादा भोकं पाडून घेतली होती.

मागच्या श्रावणात मशीन रुसली. किल्ली फिरवली तरी हूं की चूं नाही. काकांनी आधी तिला लिंबू-मिरची बांधली, मग मला बोलावलं.

मी मल्टिमीटर घेऊन गेले. बॅटरी भरलेली, तिची टोकं स्वच्छ, फ्यूज शाबूत. पण किल्ली फिरवल्यावर स्टार्टरकडे करंटच जात नव्हता. म्हणजे मधला एखादा सुरक्षेचा स्विच अडवत होता. ब्रेक दाबलेला नसेल, पातं चालू राहिलं असेल किंवा सीटवर माणूस नसेल, तर ही मशीन सुरू होतच नाही. ब्रेकचा स्विच पाहिला, पात्याचा पाहिला, दोन्ही ठीक. शेवटी मी स्वतः सीटवर बसले आणि किल्ली फिरवली. मशीन लगेच सुरू.

काका बसले. बंद.

मी काय ते ओळखलं. सीटखालचा स्विच ज्या पट्टीवर बसवलेला होता ती खाली वाकली होती. माझ्या पंच्याऐंशी किलोंनी तो दाबला जात होता, काकांच्या पंचेचाळिसांनी नाही. पाच मिनिटांचं काम होतं. पण काका माझ्याकडे अशा काही नजरेने बघत होते की मला राहवलं नाही.

"ताई, काहून बा? तुमी बसल्या का चालू होते, मी बसलो का मुकी."

"तिले हात ओळखू येते, काका," मी चेहरा गंभीर ठेवून म्हटलं. "लाइटीचं शिकलेला हात पायजे."

दुसऱ्या दिवशी गुपचूप पट्टी सरळ करून टाकायची, असं मी ठरवलं होतं. पण काकांनी ही गोष्ट थेट साहेबांच्या कानावर घातली. सकाळी साहेबांनी मला बोलावलं.

"मशीन तुमचंच ऐकते म्हणे. मग या आठवड्यात हिरवळ तुम्हीच कापा. शनिवारी पाहुणे आहेत."

खरं कारण सांगितलं असतं, तर थट्टा उघडी पडली असती. मी मुकाट्याने हो म्हटलं.

तीन दिवस मी मशीनवर. केसांत गवत, ओढणीत गवत, पॅकिंगमधल्या बाया खिडकीतून हात हलवत होत्या. काका कडुलिंबाखाली चहा पीत बसून सूचना द्यायचे, "ताई, डावीकडं एक पट्टा राह्यला."

तिसऱ्या दिवशी डबा खाऊन जरा लवकर परतले, तर मशीन फिरत होती. सीटवर काका आणि त्यांच्या मांडीवर खताची भरलेली गोणी. मोगऱ्याच्या वाफ्याला वळसा घालून ते माझ्यापुढे येऊन थांबले. चेहऱ्यावर ओशाळल्याची खूणही नाही.

"कधी समजलं?" मी विचारलं.

"पयल्याच दिवशी. तुमी गेल्यावर गोणी घेऊन बसून पाह्यलं."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"तुमी तरी मले कुठं सांगतलं?"

यावर मला हसूच इतकं आलं की खाली गवतात बसावं लागलं, आणि गोणी मांडीवर तशीच ठेवून काकाही हसत राहिले. मग मी पाना आणला, पट्टी सरळ केली, स्विच वर घेऊन घट्ट बसवला. काका एकटे बसले, किल्ली फिरवली, मशीन सुरू झाली.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. काकांना सीटवर पाहून त्यांनी विचारलं, "अरे, झालं तरी काय होतं तिला?"

आम्ही दोघं एकदमच बोललो, "वायर ढिली होती, साहेब."