डावीकडची रिकामी सीट

असले अनुभव मी आजवर वाचले ते चुका काढायलाच. कुणाला पांढरी आकृती दिसली की मी म्हणायचो, धुकं असेल. कुणाला हाक ऐकू आली की म्हणायचो, कान तपासून घ्या. तेव्हा माझ्याही चुका वाचकांनी जरूर काढाव्यात... मी स्वतः काढून थकलोय.

आमचं घर कुरुंद्याचं, बौद्ध. भूत, करणी, अंगात येणं या गोष्टींना वडिलांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही. पुढे मी वायुदलात हेलिकॉप्टर पायलट झालो. तिथे यंत्र बिघडलं की त्याला कारण असतंच, आणि ते सापडेपर्यंत कुणी गप्प बसत नाही. अपघातांच्या चौकशांमध्ये मी बसलेलो आहे. 'कारण समजले नाही' असं कुणी रिपोर्टात लिहिलं की मी चिडायचो. आणि आज स्वतःच तसलं काहीतरी लिहायला बसलोय.

यंदाची गोष्ट, हळद काढणीच्या दिवसांतली. रिटायर झाल्यापासून मी हिंगोलीत राहतो. कुरुंद्याच्या तरुण मंडळींनी विहारासमोर माझा सत्कार ठेवला होता. मी एकाच अटीवर हो म्हटलं — माझं कौतुक थोडक्यात आटपा, मला माझ्या लोकांचे आभार मानू द्या. वायुदलात एकटा माणूस काही उडवत नाही. बर्फात उघड्या हातांनी नट आवळणारे मेकॅनिक, ढगांत शिरण्याआधी 'नको, परत फिर' म्हणणारे कंट्रोलर, आणि या सगळ्यांच्या आधी माझे इन्स्ट्रक्टर मॅथ्यू सर. केरळचे. उंच, काटक, हसायची पंचाईत असलेले.

या सरांचे आभार मानणं म्हणजे भिंतीशी बोलणं. 'थँक यू, सर' म्हटलं की ते हातातली यादी पुढे करायचे आणि म्हणायचे, "आधी चेकलिस्ट पूर्ण कर." हे मी विद्यार्थी असताना, मग त्यांचा को-पायलट असताना, आणि त्यांच्या निरोपाच्या पार्टीतसुद्धा! इतक्या वर्षांत त्यांनी माझं एक 'थँक यू' पुरतं ऐकून घेतलेलं नव्हतं.

आता एक रिवाज सांगावा लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. शिकवायच्या हेलिकॉप्टरमध्ये कंट्रोल दोघांसमोर असतात. विद्यार्थी उजवीकडे, इन्स्ट्रक्टर डावीकडे. मशीन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना घेणाऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं — "आय हॅव कंट्रोल." हे शब्द कानावर पडेपर्यंत पहिल्यानं हात सोडायचे नाहीत, आणि पडले की तत्क्षणी सोडून मांडीवर ठेवायचे. दोघांनी धरलं तरी मरण, कुणीच नाही धरलं तरी मरण.

माझ्या पहिल्याच उड्डाणात सर म्हणाले, "आता तू घे." मी आनंदानं मान डोलावली. त्यांनी काही हात सोडला नाही. पूर्ण वेळ स्वतःच चालवत परत आणलं, उतरवलं, आणि पंखा थांबल्यावर म्हणाले, "मान डोलावलेली मला दिसत नाही. मी समोर बघत असतो. मला ऐकू आलं पाहिजे. तू बोलला नाहीस तर मी जन्मभर सोडणार नाही."

दुसरी एक सवय त्यांनी लावली. उतरायच्या जागेवर आलं की आधी धूर शोधायचा. चूल, शेकोटी, काहीही. धूर कुठं झुकतो त्यावरून वारा कळतो, आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरायचं. एकदा डोंगरातल्या एका चौकीवरून आजारी जवान आणताना ढगांनी मला असं घेरलं की वर-खाली कळेना. हात गोठल्यासारखे झाले. तेव्हा डावीकडून शांत आवाज आला, "आय हॅव कंट्रोल." खाली कुणीतरी पेटवलेल्या चुलीचा धूर त्यांनी शोधला आणि आम्ही तिघेही जमिनीवर आलो. त्या दिवशीही मी 'थँक यू' म्हटलं... उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

तर सत्काराच्या दिवशी सकाळी मी हिंगोलीहून निघालो. सोबत माझी मोठी बहीण, आक्का. तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तपासणीसाठी माझ्याकडे येऊन राहिली होती. तिला कुरुंद्याला तिच्या घरी सोडायचं होतं. ती पुढच्या सीटवर कधी बसत नाही, पट्टा गळ्याला काचतो म्हणते. त्यामुळे माझ्या डावीकडची सीट रिकामी. मी गाडी चालवत मोठ्यानं भाषणाची तालीम करत होतो आणि आक्का मागून शेरे मारत होती.

"लोकाइला जेवायचं बी हाय म्हणावं. किती नावं घेऊन राहिला?"

"सगळी घेणार."

"घे बाप्पा. म्या तवर झोपते."

एक चूक माझी होती, ती नोंदवतो. मला मधुमेह आहे. गोळी घेतली आणि भाषणाच्या नादात नाश्ता राहिला. बाळापूर मागं पडलं, वारंगा फाटा जवळ आला तसा मला घाम फुटला. समोरचा रस्ता बारीक होत गेला, नळीतून पाहावं तसा. मी तेव्हा मॅथ्यू सरांच्या नावापाशी आलो होतो. म्हणत होतो, "आणि ज्यांनी मला..." — आणि पुढचा शब्द सापडेना. समोरून ट्रक येत होता. तो दिसत होता, पण त्याचं काय करायचं ते सुचेना. आक्का मागं आहे एवढंच डोक्यात होतं. तिला मी मारणार, हे मला स्वच्छ कळत होतं.

तेव्हा डावीकडून आवाज आला. "आय हॅव कंट्रोल."

मोठा नाही, घाबरलेला नाही. केरळी वळणाचा, शेवटचं अक्षर जरा दाबून बोललेला. मी वळून पाहिलं नाही. पाहायची गरजच वाटली नाही. हात आपोआप मांडीवर आले आणि मला इतकं हलकं वाटलं, की ते आठवलं तरी आजही डोळे भरतात.

मग अंधार.

शुद्धीवर आलो तेव्हा आक्का माझ्या तोंडात गुळाचं पाणी घालत होती, आणि एक दाढीवाले गृहस्थ माझी मान धरून उभे होते. शेताचे मालक, रशीदभाई. रस्त्यालगतच्या त्यांच्या रानात हळद शिजवायचं चालू होतं, आणि शिजलेली हळद पट्ट्या-पट्ट्यांनी वाळत घातलेली होती.

"घाबरू नका साहेब, काही तकलीफ न्हाई आता," ते म्हणाले. "पण गाडी लई बराबर घातली तुमी. दोन पट्ट्याच्या मधून. हळदीच्या एका कांडीला टायर लागला न्हाई. मला वाटलं, पाहुणे माल घ्यायला येऊन राहिले."

"मी नाही घातली," मी म्हणालो.

"मग कुनी?"

मी आक्काकडे पाहिलं.

"मिलिंदा, तुझे हात मांडीवर व्हते रे," ती म्हणाली. "तू बोलता बोलता गप झाला म्हणून म्या पाह्यलं. मांडीवर हात ठिवून बसला, देवळात... विहारात बसल्यावानी. म्या वरडले. आन् तुझ्या म्होरलं चाक आपलं आपुनच फिरून राहिलं. हळूच. ट्रक गेला, मंग गाडी खाली उतरली."

"आक्का, तुझ्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय."

"व्हय, झालंय! म्हणून तर समदं साफ दिसलं. दहा वर्सात पयल्यांदा."

गाडी बघितली. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आक्कानं हात लावलेला नाही, रशीदभाईंनी दार उघडून आधी मला धरलं. ठीक आहे, म्हटलं, मीच केलं असेल. तीस वर्षांची सवय, बेशुद्धीतही हात काम करतात. मग माझी नजर हळदीच्या भट्टीवर गेली. तिचा धूर वाऱ्यानं कलून सरळ आमच्या काचेवर येत होता. गाडी रस्ता सोडून नुसती उतरली नव्हती, उतरून अर्धी वळली होती आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी होती. कार लावताना वारा कोण बघतं हो? मी स्वतःही कधी पाहिलेला नाही.

फाट्यावरच्या डॉक्टरांनी साखर तपासली, बरीच उतरली होती. "अशा वेळी मेंदूला आवाज ऐकू येतात," ते म्हणाले. मला ते पटलं. माझा चौकशी अहवाल तिथेच संपला असता.

रशीदभाईंच्या पुतण्यानं गाडी चालवत आम्हाला कुरुंद्याला सोडलं. आक्का म्हणाली, सत्कार राहू दे. मी ऐकलं नाही. विहारासमोर मंडप होता, माणसं खोळंबली होती. स्टेजवर चढण्याआधी फोन बघितला तर एकाच नंबरावरून कितीतरी मिस्ड कॉल. कोईमतूरहून मॅथ्यू सरांची मुलगी, ॲनी. सरांना मागच्या वर्षी झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, हे मला माहीत होतं. वाटलं, संपलं. मंडपामागे जाऊन फोन लावला.

सर जिवंत होते. ॲनी रडत होती, पण वेगळ्याच कारणानं. सकाळी ती त्यांना पेज भरवत असताना ते अचानक बोलले. वर्षभरात पहिल्यांदा, खणखणीत. "आय हॅव कंट्रोल." आणि त्यांचा उजवा हात, लुळा पडलेला हात, वर आला आणि त्यानं पलंगाचा कठडा पकडला.

"अंकल, तेव्हापासून ते सोडत नाहीत," ती म्हणाली. "मूठ इतकी घट्ट आहे की बोटं पांढरी पडलीत. घास घेत नाहीत, डोळे मिटत नाहीत, नुसते समोर बघतायत. नर्सला उघडता येईना. डॉक्टर म्हणतात, या हातात ताकदच असू शकत नाही. मी त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना फोन करतेय. कुणालाच कळत नाहीये. त्यांना काय हवंय?"

काय हवंय ते मला कळलं होतं. मशीन खाली उतरलं होतं, माणसं वाचली होती, पण ते परत घेतल्याचं मी अजून बोललो नव्हतो.

"ॲनी, फोन त्यांच्या कानाला लाव."

पलीकडे श्वास ऐकू येऊ लागला, जड, थकलेला. मंडपात माइकवर माझं नाव पुकारत होते. मी जमेल तितक्या मोठ्यानं, स्पष्ट म्हणालो —

"सर, मिलिंद बोलतोय. आय हॅव कंट्रोल."

मग ॲनीचा हुंदका. "अंकल... मूठ सुटली. हात मांडीवर ठेवला त्यांनी."

"आणि थँक यू, सर," मी म्हणालो. "सगळ्यासाठी. त्या डोंगरासाठी, आजच्यासाठी. तुम्ही होतात म्हणून मी आहे."

चेकलिस्टचं नाव या वेळी निघालं नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

स्टेजवर गेलो तेव्हा माझं सगळं भाषण विसरलेलं होतं. नावं तेवढी घेतली, एकेक करून, आणि रडलो. लोकांना वाटलं, म्हातारा हळवा झाला. आक्का पहिल्या रांगेत बसली होती, ती तेवढी मध्येच 'आवर' म्हणाली नाही.

त्याच आठवड्यात सर झोपेतच गेले. डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर, असं ॲनी म्हणाली.

सर बोलले ती सकाळची वेळ आणि माझी वेळ साधारण एकच होती. मिनिटं जुळवायला मी गेलो नाही; जुळली असती तरी काय लिहिणार होतो? साखर उतरली होती, हे खरं. बाकीच्याचं कारण मला समजलेलं नाही. हे वाक्य लिहिताना आता राग येत नाही.

हल्ली आक्काला न्यायला-आणायला मी नाश्ता करूनच निघतो. ती अजूनही मागेच बसते. डावीकडच्या सीटवर मी पिशवीसुद्धा ठेवत नाही. किल्ली फिरवण्याआधी स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून मोठ्यानं म्हणतो, "आय हॅव कंट्रोल." आक्काला इंग्रजी येत नाही, तरी ती प्रत्येक वेळी मागून उत्तर देते —

"व्हय. ऐकू आलं."