नर्स काय म्हणाली

तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. दिराला, वाण्याला, वेळ पडली तर सासूलाही ती बोलण्यात गुंडाळायची. नवरा परदेशात एका हॉटेलच्या लाँड्रीत बॉयलर सांभाळायचा. ती त्याच्याकडे राहायला गेली आणि तोंडाला कुलूप लागलं. दुकानात, बँकेत, घरमालकाशी तोच बोलायचा. तिला म्हणायचा, "तू नुसती हसत उभी राहा." ती वर्षानुवर्षं हसत उभी राहिली.

एका सकाळी तो बॉयलरपाशीच कोसळला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. दोघांत बोलणारा एकच होता, तोच गप्प झाला.

हॉस्पिटलने फोनवर दुभाषा जोडून दिला, तर तो भलतीच भाषा बोलायला लागला. शेवटी वाचनालयाच्या वरच्या खोलीत नवख्यांसाठी तिथल्या भाषेचा वर्ग चालायचा, तिथे ती जाऊन बसली. शेजारी एक बेकरीवाला, मागे एक गवंडी आणि शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी. एकाची भाषा दुसऱ्याला कळेल तर शपथ. बाई शिकवायच्या, हे सफरचंद आहे, आज हवा छान आहे. हिला सफरचंदाशी काय देणंघेणं? तिला एवढंच विचारायचं होतं, की हे पुन्हा बोलतील का.

एकदा तिने बाईंना हातवारे करून ते समजावलं. बाईंनी वाक्य फळ्यावर लिहिलं आणि वर्गाने ते बसवूनच घेतलं. गवंडी पेशंट होऊन बाकावर आडवा झाला, बेकरीवाला नर्स झाला. गवंड्याने तोंड असं काही वाकडं केलं की बहिणींची हसून पुरेवाट झाली. तीही हसली आणि मग लगेच ओशाळली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात तिने नर्सला तो प्रश्न विचारला. एक अक्षर चुकलं नाही. नर्सचा चेहरा खुलला. हिला भाषा येते असं समजून ती भराभर बोलत सुटली. मध्येच तिचा आवाज उतरला, तिने हिच्या दंडावर हात ठेवला. ही मान हलवत राहिली. प्रश्न पाठ केला होता, उत्तर कोण पाठ करून देणार?

पुढच्या खेपेला तिने बेकरीवाल्याला सोबत नेलं. त्याला तिच्यापेक्षा बरंच कळायचं. नर्सचं सगळं ऐकून घेऊन तो कॉरिडॉरमध्ये तिच्यासमोर उभा राहिला. पण दोघांत सामाईक होते ते वर्गात शिकलेले चार शब्द.

"पाय, चांगला," तो त्या परक्या भाषेत म्हणाला. "हात, थोडा चांगला." मग स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून थांबला.

"उद्या?" तिने विचारलं.

"उद्या नाही."

"मग?"

'कधीच' हा शब्द वर्गात अजून शिकवला नव्हता. त्याने बराच वेळ शोधाशोध केली आणि खाली बघत पुन्हा म्हणाला, "उद्या नाही."

तिला कळलं की नाही, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. ती आत जाऊन नवऱ्याची चादर नीट करत बसली.

नवरा घरी आला तो काठी धरून, मुकाच. आता भरवताना ती त्याच्याशी मराठीत अखंड बोलते, हॉटेलातल्या लोकांची नक्कल करते, जुनी भांडणं उकरून काढते. तो तिच्याकडे टक लावून बघतो. त्याला समजतं का, हे तिला माहीत नाही. विचारायचं कुणाला, तेही माहीत नाही.