सोनगीरहून जळगावला निघालेलं युद्ध

धुळ्याहून एसटीने निघालं की महामार्गाला लागून सोनगीरचा किल्ला दिसतो. मी किल्ल्यासाठी आलो नव्हतो. निवृत्त चित्रकलाशिक्षक नानांनी तिथल्या गोदामात कापडावर तीस फुटी चित्र रंगवलंय, ते मला पाहायचं होतं. पोचलो तर चित्र उतरवायची तयारी चाललेली. गोदाम पाडणार होते, आणि चित्र जळगावच्या प्रदर्शनाला जायचं होतं.

विषय दूर देशातल्या युद्धाचा. बॉम्ब पडायच्या आत माणसं संग्रहालयातली चित्रं खांद्यावर घेऊन बाहेर काढताहेत. चेहरे मात्र सगळे सोनगीरचे! संग्रहालयाचा रखवालदारसुद्धा टोपी-उपरण्यातला. ते गावातलेच आबा. गेल्या वर्षी वारले.

आबांच्या बायकोने, अक्कांनी, मला आग्रहाने कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि वांग्याचं भरीत वाढलं. आधार कार्डावरचा सोडला तर घरात आबांचा फोटो नाही, आणि त्या फोटोत ते आबा वाटतच नाहीत, असं त्या म्हणाल्या.

जेवून उठलो आणि मी शहाणपणा केलाच. रंगाची बाजू आत घेऊन गुंडाळा, धूळ लागणार नाही, असं ठणकावून सांगितलं. नाना हसले. रंग आत गेला की दबतो आणि तडकतो, तो बाहेरच हवा, म्हणाले. मी मुकाट्याने बाह्या सरसावल्या.

खिळे निघाले तशी गावची माणसं कापड धरायला आपापल्या चित्राखाली उभी राहिली, जो तो स्वतःच्याच पायाशी. कुणी सांगितलं नव्हतं. आबांखालची जागा तेवढी रिकामी. तिथे कापड लोंबायला लागलं. घडी पडली असती तर नेमका आबांचाच चेहरा तडकला असता. मी धावलो, तर अक्कांनी मला हाताने बाजूला सारलं.

"भाऊ, हाई जागा यास्नी शे. आते मी धरसू." (ही जागा यांची आहे. आता मी धरते.)

उंची पुरेना, तेव्हा त्या उलट्या घमेल्यावर चढल्या. कापड जाड पाईपवर गुंडाळून होईपर्यंत त्यांनी कोपरा सोडला नाही. मला फार लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.

टेम्पोमागून अक्कांबरोबर मीही जळगावला गेलो. चित्र टांगलं, लोक फोटो काढू लागले. अक्कांनी बाकी काही पाहिलं नाही. आबांसमोर उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "बरा पोचनात." (नीट पोचलात.)

घरी आल्यावर सगळे विचारतात, त्या युद्धात कोणकोणती चित्रं वाचली? मला सांगता येत नाही. सोनगीरचे आबा जळगावला सुखरूप पोचले, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.