दुसरी आलेली माझी लेक

मंडळी, आज गोरेगावच्या बाजारात माझी मान खाली गेली.

मुलगी दहावीत शाळेतून दुसरी आली, म्हणून तिला ड्रेस घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं विचारलं, "कितवी आली लेक?"

"पहिली!" मी बेधडक सांगितलं.

कपडे दाखवणाऱ्या मावशी क्षणभर थांबल्या. मग ड्रेसच्या घड्या उलगडू लागल्या.

बाहेर येताच मुलगी रडायला लागली. "पप्पा, पहिली तर त्या मावशींची साक्षी आली. काहून खोटं बोलले तुमी?"

मी परत गेलो, सगळ्यांसमोर खरं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ. दुसरी बी काही कमी न्हाई."

मला ती कमी का वाटली? मुलीनं हेच विचारलं, तर काय सांगू?