उत्तमभाऊंनी हलवलेला बाजार

उत्तमचंदभाऊंची डाळमिल आमच्या गावच्या बाजाररस्त्यावर होती. पाचोऱ्याकडून तुरीची गाडी आली की ते दाणा दाताखाली धरत आणि म्हणत, "ओल आहे. दोन दिवस ऊन दाखवा." त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले. भाऊ घरात पत्नी राजकुंवरबाईंशी मारवाडी बोलत, मिलच्या ओट्यावर अहिराणी आणि आमच्यासारख्या नगरपालिकेच्या कारकुनांशी शाळेतलं मराठी.

मिलच्या समोर, बुधवारच्या बाजारात, सुंदरबाई मेथी घेऊन बसायची. तिचं आणि भाऊंचं वीस वर्षांचं भांडण होतं.

"भाऊ, तुन्ही दायमा खडा निंघना," ती रस्त्यापलीकडून ओरडायची.

"अन तुन्ही मेथीमा माटी शे, तिन्हं काय?" भाऊ इकडून.

मग ती मेथीची जुडी पाठवायची आणि भाऊ तिच्यासाठी चहा.

१९७४ साली नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा असं सरकारनं ठरवलं. ज्याला मिल चालवता येते त्याला गाव का चालवता येणार नाही, असं म्हणत लोकांनी भाऊंना उभं केलं आणि भरघोस निवडूनही दिलं. सुंदरबाईनं तर त्या दिवशी मेथी फुकट वाटली.

सुरुवात फार छान झाली. विहिरीवरची मोटार जळून आठ महिने झाले होते आणि नव्या मोटारीचा कागद टेबलाटेबलावर फिरत होता. भाऊंनी सगळ्या सह्या एका दुपारी समोर बसून घेतल्या, जळगावला फोन केला आणि तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. बाया घागरी घेऊन नाचल्या म्हणतात तसं काही झालं नाही, पण भाऊ रस्त्यानं निघाले की लोक बसल्या जागेवरून उठायचे.

मग त्यांनी बाजार हातात घेतला. बुधवारी ट्रक, बैलगाड्या आणि टोपल्या यांची इतकी दाटी होई की दवाखान्यात जाणारी बाई वाटेतच बाळंत व्हायची. स्टेशनापलीकडे मोकळी जागा होती. भाऊंनी तिथे फरशीचे ओटे बांधले, पत्रे टाकले, पाण्याची टाकी बसवली. जुन्या बाजारापेक्षा दहापट बरी जागा.

भाईदास नावाचे जुने नगरसेवक होते. ते म्हणाले, "भाऊ, महिनाभर थांबा. बायांशी बोला."

"चांगल्या मालासाठी गिऱ्हाइकाची समजूत घालावी लागते का?" भाऊ हसले. "एकदा बघतील आणि स्वतःच येतील."

कोणी गेलं नाही. पहिल्या बुधवारी सगळ्या जुन्याच जागी येऊन बसल्या. दुसऱ्या बुधवारी पोलीस बोलवावे लागले. टोपल्या उचलून ट्रकमध्ये टाकल्या जात होत्या, तेव्हा भाऊ मिलच्या ओट्यावर उभे होते. मी शेजारी होतो. सुंदरबाईची टोपली गेली. ती ओरडली नाही. रस्ता ओलांडून आली.

"मन्ही सासू आठेच बठे. मीबी आठेच बठस. जागा चांगली व्हई तुन्ही, पन माले इचारं का तू?"

ती गेली ती पुन्हा बाजाराला आली नाही.

नंतरचे काही दिवस भाऊ दुपारी कचेरीत नुसते बसून असत. एकदा मला म्हणाले, "दुकानात गिऱ्हाईक रुसलं तर शेजारच्या दुकानात जातं. आपण सुटलो, तेही सुटलं. इथं रुसलेल्यानं कुठं जायचं?"

मग त्यांनी नगराध्यक्षाला न शोभणारी गोष्ट केली. बाजाराच्या दिवशी ते, पुन्हा जुन्याच रस्त्यावर येऊन बसणाऱ्या बायांमध्ये पोतं टाकून बसू लागले. त्यांचं ऐकून घेत. बाया आधी टोमणे मारत, मग बोलत. चार महिने गेले त्यात. शेवटी ठरलं की धान्य आणि गुरं स्टेशनापलीकडे, भाजी दुपारपर्यंत जुन्या रस्त्यावर, ट्रकना त्या वेळी बंदी. भाईदास म्हणाले, "मोटार तर कोणीही आणली असती." भाऊंना ते पटलं असावं.

सुंदरबाईची जागा बायांनी बरेच बुधवार मोकळी ठेवली. ती धुळ्याला मुलाकडे राहायला गेल्याचं कळलं. पुढे त्या मोकळ्या जागेवर दुसरी बाई कोथिंबीर घेऊन बसू लागली. भली बाई होती, पण भाऊंच्या डाळीबद्दल तिची काही तक्रार नसे.

मुदत संपली तेव्हा लोक पुन्हा आले. भाऊंनी हात जोडले. तरुण व्यापारी मोतीलाल उभा राहणार होता, तो सल्ला विचारायला आला. भाऊ म्हणाले, "झटपट ठरवायची आपली सवय उपयोगी पडते. तीच नडते. उभा राहा, पण दुकानात जसं बोलतोस तसं गावाशी बोलू नकोस."

त्या उन्हाळ्यात ते मला घेऊन एसटीनं धुळ्याला गेले. पत्ता विचारत विचारत मुलाचं घर सापडलं. सून म्हणाली, आत्या साक्रीला लेकीकडे गेल्यात, कधी येतील सांगता येत नाही.

"बसू थोडं," भाऊ म्हणाले.

आम्ही ओसरीत बसलो. सुनेनं पाणी दिलं, चहा दिला. अंगणात कुणाची तरी पोरं खेळत होती. परतीच्या दोन गाड्या गेल्या. मी तिसऱ्या गाडीची वेळ सांगितली, तेव्हा भाऊ म्हणाले, "साक्रीहून येणारी एखादी असेल ना संध्याकाळपर्यंत?" आणि फाटकाकडे तोंड करून बसून राहिले.